पिठाचा हात, पेन्सिलीचा हात

छायाचित्र काढून घेण्यापूर्वी चेहऱ्याला काय लावावे, या प्रश्नाला इतिहासाच्या पंगतीत सहसा पान वाढले जात नाही. तो पार्लरमधला, फार तर नवरीच्या मैत्रिणींमधला विषय समजला जातो. परंतु सांगवीसारख्या उपनगरातून हिंडताना फोटो स्टुडिओ आणि ब्यूटी पार्लर यांच्या पाट्या इतक्या लगटून दिसतात, की हे शेजारपण केवळ भाड्याच्या गाळ्यांचे नसावे अशी शंका येते. पवना आणि मुळा यांच्या बेचक्यातले हे एकेकाळचे शेतीचे गाव. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून येणाऱ्यांच्या वस्तीने नदीकाठची शिवारे भरून गेली. अशा स्थलांतरिताच्या आयुष्यात निदान दोन छायाचित्रे अपरिहार्य असतात. एक नोकरीच्या अर्जावरचे, दुसरे लग्नाच्या परिचयपत्रासोबतचे. दोन्ही अनोळखी माणसांच्या हातात पडायची असतात आणि दोन्हींवरून काही ठरायचे असते. म्हणून दोन्हींच्या आधी माणूस तोंड धुतो, पुसतो, काहीतरी लावतो.

या ‘काहीतरी’ची हकीकत मला सांगायची आहे. माझे म्हणणे आरंभीच मांडून ठेवतो. छायाचित्रासाठी त्वचेची जी तयारी आपल्याकडे रूढ झाली, ती जितकी हौसेतून आली तितकीच कॅमेऱ्याच्या एका जुन्या अधूपणातून आली. त्या अधूपणाची भरपाई आपण यंत्राकडून मागितली नाही. ती चेहऱ्याकडून वसूल केली.

*

पॅरिसमध्ये १८३९ च्या ऑगस्टात दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हा तिला माणसांचे वावडेच होते. चकचकीत रुपेरी पत्र्यावर चित्र उमटायला भर उन्हात कित्येक मिनिटे लागत. इमारती तेवढा वेळ स्तब्ध उभ्या राहत. माणसे राहत नसत. न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर या रसायनशास्त्रज्ञाने मानवी चेहरा टिपण्याचे जे अगदी पहिले प्रयोग केले, त्यांत त्याने समोर बसलेल्याच्या तोंडाला चक्क पीठ फासले होते. पांढरा चेहरा अधिक प्रकाश परावर्तित करील आणि पत्र्यावर लवकर उमटेल, हा साधा हिशेब. म्हणजे छायाचित्रासाठी केलेली रंगभूषा ही छायाचित्रकलेइतकीच जुनी आहे, आणि ती गोऱ्या माणसावरही करावी लागली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आणखी एक तपशील पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून इथेच नोंदवतो: त्या पत्र्यावरची अदृश्य प्रतिमा दृश्य होई ती तापवलेल्या पाऱ्याच्या वाफेने.

मुंबईला ही विद्या फार उशिरा आली नाही. १८५४ साली तिथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या कामात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय विद्वान होते. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढीत. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या वर्गातून तयार झालेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला आणि आपली छायाचित्रे युरोपातल्या प्रदर्शनापर्यंत पोचवली. डॉक्टर, अध्यापक, व्यापारी असे प्रतिष्ठित लोक खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून उभे राहू लागले.

तोवर दागेरचा पत्रा मागे पडून फ्रेडरिक स्कॉट आर्चरची १८५१ सालची ओल्या कलोडियनची काच आली होती. आपल्या विषयाचे खरे मर्म या काचेत आहे. ती सर्व रंगांना सारखा न्याय देत नसे. निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश तिला चटकन कळे. पिवळा आणि तांबडा तिच्या लेखी जवळजवळ अंधारच असे. आकाश पांढरेफटक येई, निळे वस्त्र पांढरे दिसे, तांबडा शालू काळा पडे. जुन्या तसबिरींतल्या बायकांच्या कपाळावर कुंकू काळे दिसते ते छापील प्रत जुनी झाली म्हणून नव्हे. त्या काचेला तांबडा रंग दिसतच नव्हता. (उलट बाजूने, कोकणस्थांच्या घाऱ्या-निळसर डोळ्यांचे त्या छायाचित्रांतले ते किंचित भुताळी फिकेपण याच हिशेबातले.)

आता त्वचेचे पाहू. त्वचेला सावळेपणा देणारे मेलॅनिन हे द्रव्य निळा-जांभळा प्रकाश अधिक शोषते, तांबडा कमी. आपल्या डोळ्यांना सावळ्या चेहऱ्यात जी तांबूस, मधासारखी ऊब दिसते, ती याच परत येणाऱ्या तांबड्या-पिवळ्या प्रकाशाची. कलोडियनच्या काचेला नेमकी तीच दिसत नव्हती. परिणामी गव्हाळ माणूस सावळा उमटे, सावळा माणूस काळा उमटे, आणि वांग, तीळ, उन्हाचे डाग प्रत्यक्षात असत त्याहून दुप्पट ठसठशीत होऊन येत. गोऱ्या साहेबाच्या गालावरचे फिकट ठिपकेही ती काच चुगली केल्यासारखे दाखवी. परंतु साहेबाच्या बाबतीत तो डाग होता, आपल्या बाबतीत तो अख्खा चेहरा होता.

याच काळात सरकारी आणि अर्धसरकारी हौसेने हिंदुस्थानातील जातीजमातींची छायाचित्रे जमवण्याचे काम जोरात होते. विल्यम जॉन्सनचे मुंबईतल्या लोकांविषयीचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली निघाले. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा प्रचंड संग्रह १८६८ ते १८७५ या काळात आला. त्यांतल्या अनेकांना कोणी तयारीची उसंत दिली असेल असे दिसत नाही. आपण ज्याला तयारी म्हणतो तो एक अधिकार आहे, आणि तो सर्वांना सारखा मिळाला नाही, एवढे या दोन प्रकारच्या छायाचित्रांकडे आळीपाळीने पाहिले की कळते. पैसे देऊन स्टुडिओत गेलेल्याला आरसा मिळे. संग्रहासाठी उभ्या केलेल्याला पाटी.

*

घरातली तयारी मात्र कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची. दिवाळीच्या पहाटेचे उटणे घ्या. चंदन, वाळा, नागरमोथा, आंबेहळद, गव्हला-कचोरा यांची पूड. बाकीच्या दिवसांत डाळीचे पीठ आणि साय. याचे काम साधे होते: तेल काढून घेणे, मळ सैल करणे, चोळण्याने रक्त खेळवणे, सुवास देणे. चरकसंहितेत ‘वर्ण्य’ म्हणून दहा औषधींचा एक गण सांगितला आहे. त्यात चंदन, वाळा, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, सारिवा ही आपल्या ओळखीची मंडळी आहेत. वर्ण्य म्हणजे वर्णाला हितकर. माणसाचा जो वर्ण आहे तो सतेज व्हावा, हा त्याचा सरळ अर्थ. गोरे करणारे असे त्याचे भाषांतर अलीकडच्या डब्यांवर झाले. शब्दाच्या या घसरगुंडीला आपल्याकडे आणखी एक वळण आहे. पत्रिका जुळवताना पाहायच्या आठ कूटांतला पहिला ‘वर्ण’, आणि परिचयपत्रातला रकाना तोही ‘वर्ण’. पहिल्याचा त्वचेशी काही संबंध नाही, त्याला गुण एकच. दुसऱ्याला किती गुण मिळत आले ते ज्यांच्या घरात सावळी मुलगी होती त्यांना विचारावे.

हळदीची गंमत तर विलक्षण आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरा-नवरीला हळद लागते. तिचा पिवळसर तजेला दुसऱ्या दिवशीही अंगावर असतो आणि आपल्या डोळ्यांना तो प्रसन्न वाटतो. पण हळदीतले रंगद्रव्य शोषते ते नेमके निळ्या-जांभळ्या प्रकाशाला. म्हणजे जुन्या काचेला जो एकच प्रकाश कळे, तोच हळद गिळून टाकी. उजळण्यासाठी लावलेली वस्तू छायाचित्रात चेहरा काळवंडण्यास हातभार लावी. त्या पिढीतल्या नवरा-नवरीच्या जोडफोटोंत दिसणारे ते गंभीर, काळसर चेहरे पाहून आपण त्यांच्या स्वभावाविषयी, बालविवाहाविषयी, काळाच्या कठोरतेविषयी बरेच काही बोलतो. त्यातला थोडा वाटा हळदीचा आणि काचेचा आहे, हेही सांगायला हवे.

बर्लिनच्या हेर्मान फोगेलने १८७३ साली काचेच्या लेपात रंग मिसळून तिला हिरवा-पिवळा दाखवण्याची युक्ती शोधली. सर्व रंग पाहणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या. पण बाजारात येणे आणि गावोगावच्या स्टुडिओत येणे या निराळ्या गोष्टी. तांबडा न दिसणाऱ्या काचेचा आणि फिल्मचा एक मोठा फायदा होता: ती तांबड्या दिव्यात, डोळ्यांदेखत धुता येई. सर्वरंगी फिल्म मात्र अंधारात धुवावी लागे. त्यामुळे विसाव्या शतकात बऱ्याच उशिरापर्यंत माणसांच्या चेहऱ्यांसाठी ती जुनीच जात वापरात राहिली, आणि कुंकू काळेच उमटत राहिले.

*

यंत्राची उणीव भरून काढण्याचे काम मग दोन हातांनी उचलले. एक पावडरीचा, दुसरा पेन्सिलीचा. दुसऱ्याविषयी फार कमी लिहिले गेले आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

स्टुडिओच्या भाषेत त्याला ‘टचिंग’ म्हणत. काच किंवा फिल्म धुऊन वाळली की तिरप्या घडवंचीवर ती उलटी ठेवायची, मागून प्रकाश पाडायचा, तिच्यावर एक चिकटसर द्रव पुसून पेन्सिल धरेल अशी पकड आणायची, आणि सुईसारखे टोक केलेल्या कठीण शिशाने टिंब-टिंब, स्वल्पविराम-स्वल्पविराम असे भरत जायचे. निगेटिव्हवर चेहऱ्यावरचा काळा डाग पारदर्शक दिसतो. तिथे शिसे भरले की कागदावर तो उजळतो. पद्धत युरोपातली, म्युनिकच्या फ्रांझ हान्फश्टेंगलने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात टचिंग केलेली निगेटिव्ह मांडल्याचे सांगतात. आपल्याकडे तिला काम भरपूर होते. देवीच्या रोगाने वण पडलेले चेहरे त्या काळी प्रत्येक गल्लीत असत. भारत देवीमुक्त झाल्याचे १९७७ साली जाहीर झाले, तोवर कित्येक पिढ्यांच्या गालांवर ते खड्डे होते, आणि खड्ड्यातली सावली काढून टाकणे हे टचिंग करणाऱ्याचे रोजचे काम होते. त्यासाठी आधी उजेडही समोरून, सपाट टाकायचा. बाजूचा उजेड खड्डे दाखवतो.

या कामाला मी फसवणूक म्हणायला तयार नाही. वयाच्या पाचव्या वर्षी आजाराने दिलेली खूण जन्मभर प्रत्येक चौकटीत का मिरवावी? तरीही या पेन्सिलीत एक गोम होती, आणि ती तांत्रिक होती. निगेटिव्हवर पेन्सिल फक्त भर घालू शकते; भर घातली की कागदावर उजेड वाढतो. म्हणजे ती चेहरा उजळवू शकते, गडद करू शकत नाही. गडद करायचे तर चाकूने लेप खरवडावा लागे, आणि हात चुकला की काच फुकट. साऱ्या हत्याराचा कलच एका दिशेचा. डाग भरता भरता गाल भरला जाई, गाल भरता भरता कपाळ. त्याहून घाईचे काम असले तर निगेटिव्हच्या मागे चेहऱ्यापुरता तांबड्या रंगाचा पातळ हात द्यायचा. छापताना तेवढ्या भागात उजेड कमी जाई आणि कागदावर माणूस एकदम गोरा होऊन बाहेर येई. मान मात्र आपल्या जागी आपल्या रंगाची राही.

आदर्श चेहरा कोणता, हे ठरवायलाही एक छापखाना हजर होता, आणि तोही आपल्या परिसरापासून फार लांब नव्हता. राजा रविवर्म्याचा चित्रमुद्रणालयाचा उद्योग १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि शतक संपता संपता मावळात, लोणावळ्याजवळ मळवलीला आला. तिथून छापून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती भिंतीभिंतींवर गेल्या. नऊवारीतल्या त्या देवतांची कांती फिकट गुलाबी होती. स्टुडिओतला चितारलेला पडदा, खांब, कुंडी, हातातले फूल आणि तो चेहरा यांची सांगड नकळत बसत गेली. सावळ्या विठ्ठलाचा दाखला अशा ठिकाणी देण्याचा प्रघात आहे. तो मी देत नाही, कारण विठ्ठलाचे सावळेपण गाणाऱ्या घरांनीही सून पाहताना तो दाखला वापरल्याचे ऐकिवात नाही.

पावडरीचा हात रंगभूमीवरून आला. सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ एवढ्या चार वस्तूंवर रंगपट चाले. बालगंधर्वांचे (१८८८–१९६७) स्त्रीभूमिकांतले फोटो घराघरांत गेले, आणि त्यांच्यासारखे पातळ नेसणे, केस बांधणे ही बायकांची फॅशन झाली, हे सर्वश्रुत आहे. माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्व याचे, की एका पुरुषाचा रंगवलेला चेहरा छायाचित्रात स्वाभाविक स्त्रीसौंदर्य म्हणून खपला. कृष्णधवल छायाचित्र ते खपवून घेई. जस्ताच्या भस्माची, म्हणजे सफेद्याची पावडर सावळ्या त्वचेवर प्रत्यक्षात राखेसारखी, निळसर-करडी दिसते. पण करड्याच छटांच्या चित्रात करडे दिसण्याची भीती नसते. तिथे राख हीच गोराई. शिवाय पावडरीचे एक अगदी व्यवहारी काम होते. स्टुडिओतल्या पाच-पाचशे वॅटच्या दिव्यांखाली तेलकट कपाळ आरशासारखे चमके. ती चमक निगेटिव्हवर काळा गोळा होऊन बसे आणि टचिंगनेही जात नसे. म्हणून फोटोवाल्याच्या आरशापाशी कंगवा, एक डबी आणि एक मळका फुलोरा ठेवलेला असे. त्याच सुमारास ‘स्नो’ आला. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ साली काढलेला अफगाण स्नो हे त्यातले गाजलेले देशी नाव. तेलकटपणा न दाखवता मुरणारे हे मलम पावडर धरून ठेवी. आधी स्नो, वर पावडर, हा छायाचित्राचा पाठ आपल्या आज्यांपर्यंत तोंडपाठ होता.

सिनेमाने यात एक दुरुस्ती केली. १९२८ च्या सुमारास हॉलिवुडात सर्वरंगी फिल्म रुळली आणि मॅक्स फॅक्टरने तिच्यासाठी निराळ्या छटांची रंगभूषा केली. आपल्याकडे ‘प्रभात’ने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचे धाडस केले. प्रती जर्मनीत करवून आणल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत.

*

लग्नासाठी ‘दाखवायचा फोटो’ हा मराठी मध्यमवर्गाने घडवलेला एक स्वतंत्र चित्रप्रकार आहे, आणि त्याची समीक्षा कोणीतरी करायला हवी. उभा एक, बसलेला एक. साडी फिकट, कारण तांबडी काळी येते. मान किंचित वळलेली. फोटो परगावी जाई, पत्रिकेबरोबर परत येई, पुन्हा दुसरीकडे जाई. कोपरे दुमडत. प्रत्येक परतीनंतर नवा फोटो काढावा का, याची चर्चा घरात होई, आणि त्या चर्चेत मुलीचे मत विचारले जाई ते साडीपुरते. त्यानंतर प्रत्यक्ष पाहण्याचा कार्यक्रम. तिथे पेन्सिल नव्हती. फोटोपेक्षा मुलगी सावळी आहे, हे वाक्य किती बैठकींत उच्चारले गेले असेल! टचिंग करणाऱ्याने दयाबुद्धीने केलेली उजळणी अशा रीतीने मुलीच्या खात्यावर लबाडी म्हणून जमा होई. इथे कॅमेरा आधी काळे करी, पेन्सिल नंतर गोरे करी, आणि दोन्ही चुकांचा जाब तिसऱ्याच व्यक्तीला द्यावा लागे.

कारखान्याच्या अर्जावरच्या फोटोचे तसे नव्हते. पिंपरी-चिंचवडला गेटपास आणि ओळखपत्रासाठी लागणाऱ्या पासपोर्ट आकाराच्या फोटोत गोरेपणाला किंमत नव्हती. ओळख पटण्याला होती. तरीही सफाईने दाढी केलेली, केसांना पाणी लावलेले, पावडर कॉलरवर सांडलेली अशी तरुण मंडळी त्या चौकटींतून आपल्याकडे पाहतात. नोकरी मागायला जाताना चेहरा घामट असू नये, हा एक जुना ग्रामीण शिष्टाचार त्यात आहे.

मग रंग आला आणि सगळा हिशेब उघडा पडला. करडी पावडर करडी दिसू लागली, चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची हे सर्वांना दिसू लागले. रंगीत फिल्मला तांबडा दिसत होता, तेव्हा सावळ्या त्वचेला आता न्याय मिळावा अशी अपेक्षा. तसे झाले नाही. कोडॅकने प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी जी नमुना-छायाचित्रे पाठवली, त्यांत १९५० च्या दशकापासून गोरी स्त्री असे. त्या कार्डांना पुढे ‘शर्ली’ हेच नाव पडले. तिची त्वचा बरोबर दिसली म्हणजे यंत्र बरोबर. कॅनडाच्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी या कार्डांचा इतिहास २००९ साली मांडला. त्यात एक बोचरी गोष्ट आहे: गडद तपकिरी छटांबद्दलच्या तक्रारी कंपनीने मनावर घेतल्या त्या चॉकलेट आणि लाकडी फर्निचर यांच्या जाहिराती करणाऱ्यांनी केल्यावर. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकांत कलर लॅब निघाल्या. कोनिका, कोडॅक यांच्या पाट्या झळकल्या. तिथून येणाऱ्या लग्नाच्या अल्बमांत एकाच मांडवातली माणसे कधी विटकरी, कधी मातकट दिसत. नवरी गोरी दिसावी म्हणून लॅबवाला प्रकाश वाढवी आणि शालूची जर, पाठीमागची फुले, शेजारचा गोरा मामा सगळे धुऊन निघे.

*

बाजाराने या अवघडलेपणाचा पुरेपूर फायदा घेतला, हे सांगायला फार जागा नको. हिंदुस्तान लिव्हरचे ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली आले. पेंढरकरांच्या विको कंपनीचे हळदीचे क्रीम त्याच वर्षीचे. ते औषध की प्रसाधन, हा अबकारी कराचा वाद पुढे वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला. चरकाच्या ‘वर्ण्य’ शब्दाचा हा आधुनिक पुनर्जन्मच म्हणायचा. २०२० च्या जूनमध्ये शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगावरून स्थळे गाळण्याची सोय काढून टाकली, आणि जुलैत ‘फेअर’चे ‘ग्लो’ झाले. रकाना गेला, फोटो राहिला.

धोका वेगळ्याच जागी आहे. फोटोच्या आधी चार दिवसांत उजळायचे, या घाईला दोन वस्तू बळी पाडतात. पहिली स्टिरॉइडची मलमे. ती लावली की चेहरा पहिल्या आठवड्यात खरोखर उजळ आणि नितळ दिसतो; पुढे कातडी पातळ होते, लाल होते, केस उगवतात, आणि मलम थांबवले की आग होते. अशी अनेक मलमे २०१८ साली डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकता येणार नाहीत अशा यादीत घातली गेली. दुसरी वस्तू पारा. मेलॅनिन तयार होण्याच्या क्रियेत पारा अडथळा आणतो, म्हणून तो उजळवतो. आणि त्वचेतून आत शिरून मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो. २०२३ मध्ये अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींची मूत्रपिंडे अशा क्रीमने बिघडल्याची बातमी आली. क्रीममधला पारा मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत सापडला होता. केरळातल्या डॉक्टरांनीही असे रुग्ण नोंदवले आहेत. भारतीय नियमांप्रमाणे डोळ्यांची प्रसाधने सोडून इतरांत अनवधानाने राहिलेला पारा दशलक्षात एका भागाहून अधिक चालत नाही. बेनामी डब्यांना हा नियम कोण वाचून दाखवणार? ज्या धातूच्या वाफेने पहिल्या छायाचित्रातला चेहरा वर आणला, तोच धातू छायाचित्रासाठी चेहऱ्यावर चोळला जावा, हा योगायोग कोणाला सुचवायचा म्हणून सुचला नसता.

पार्लरमधल्या ‘ब्लीच’विषयीही एक शब्द. त्याने त्वचा उजळत नाही. चेहऱ्यावरची लव सोनेरी होते आणि म्हणून चेहरा उजळ भासतो. पण आदल्या दिवशी केले आणि सोसले नाही तर पुरळ घेऊन कॅमेऱ्यासमोर बसावे लागते. त्वचारोगतज्ज्ञ सांगतात ते फार साधे आहे: कार्यक्रमाच्या तोंडावर कोणतीही नवी वस्तू लावू नये, लावायचीच तर आधी कानामागे किंवा कोपराच्या आत लावून पाहावी, तोंड सौम्य साबणाने धुवावे, ओलावा टिकवणारे काही लावावे, उन्हापासून जपावे, झोपावे. उटणे लावणाऱ्या आजीला यातले बहुतेक ठाऊक होते. तिला ठाऊक नव्हते ते इतकेच, की उन्हापासून रक्षण करणाऱ्या मलमांतले जस्त आणि टायटॅनियम फ्लॅशच्या उजेडात चेहरा पांढुरका करतात. म्हणजे ड्रेपरचे पीठच.

यंत्राकडून भरपाई मागायला सुरुवात आता कुठे झाली आहे. गूगलने २०२१ साली आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात सावळ्या-काळ्या त्वचेसाठी दुरुस्त्या केल्या, आणि २०२२ साली दहा छटांची मंक मोजपट्टी खुली केली. दुसरीकडे फोनमधला ‘ब्यूटी मोड’ न विचारता गाल घासून देतो. टचिंगवाल्याची पेन्सिल निदान देवीचा वण आणि गालावरची खळी यांत फरक करीत असे.

आणि तयारीवाचूनची छायाचित्रे? मतदार ओळखपत्रावर फोटो १९९३ पासून आला. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी रंजना सोनवणे यांना देण्यात आला. त्यानंतर कोट्यवधी भारतीय एका लहान वेबकॅमेऱ्यासमोर, खोलीत असेल त्या उजेडात, घामेजल्या कपाळाने बसले. त्या फोटोची चेष्टा न करणारा माणूस मला भेटलेला नाही. सांगवीतल्या स्टुडिओंत परिचयपत्रासाठी येणारी मंडळी मोबाइलवर जुना फोटो दाखवून ‘असा नको’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा तो आधारचाच असतो. मग स्टुडिओवाला दिवा सरकवतो, कपाळ पुसायला कागदी रुमाल देतो, दोनतीन फोटो काढतो आणि संगणकावर चेहरा मोठा करून कर्सर गालावर नेत विचारतो, ‘थोडं उजळवू का?’